कागदावरची वन्सं

वैशाखातली संकष्टी. चंद्रभागाबाई सकाळीच गाडीत बसल्या, लिंबागणेशला जायला. ही नववी आणि शेवटची. भादव्यात मालकांना किडनी बसली तेव्हा बाईंनी गणपतीला शब्द दिला होता, नऊ संकष्ट्या निरंकार करीन, चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घेणार नाही. आठ पार पडल्या होत्या. मालक, म्हणजे त्यांचे यजमान, साखर कारखान्याचे चेअरमन सुंदरराव, हिंडत-फिरत होते. दहा-बारा दिवसांपासून त्यांना तहान तेवढी फार लागत होती. माठच्या माठ रिकामा व्हायचा. पण ऊनही तसंच होतं.

देवदर्शन झालं. आता भिवराबाईची ओटी भरायची राहिली होती. मांडीवरच्या पिशवीत हिरवी साडी, खण आणि नारळ होता.

भिवरा म्हणजे जिची किडनी, ती. नेकनूरच्या अंगाला एका वस्तीवर राहणारी ऊसतोड बाई. देणारा रक्ताच्या नात्यातला असला की दवाखान्यात फार खोदून विचारत नाहीत, असं कुणीतरी सांगितलं. सुंदररावांना तर सख्खं कुणीच नव्हतं. मग ऊसतोड टोळीच्या बंकट मुकादमानं भिवरेला आणलं आणि कागदावर ती सुंदररावांची बहीण झाली. देण्याघेण्याचं पुरुषांनी आपसात ठरवलं. तिला तयार करायचं काम चंद्रभागाबाईंकडे आलं. तीन दिवस त्यांनी तिला माजघरात बसवून पाठ करून घेतलं.

"ह्यांना काय म्हणायचं?"

"दादा."

"अन् मला?"

"बाईसाहेब... न्हाई न्हाई, वहिनी!" आणि पदर तोंडाला लावून हसायची. "लई गोड लागतंय वो तोंडाला. मला भाऊच न्हाई. अन् तुमी मला काय म्हणताल?"

"नणंदेला वन्सं म्हणतात. पण ते काही दवाखान्यातले साहेब विचारणार नाहीत," असं म्हणून चंद्रभागाबाईंनी विषय तोडला होता. तो शब्द त्यांनी उच्चारला तो तेवढाच.

ऑपरेशन झालं. दिवाळी सरली तशी भिवरा नवऱ्याबरोबर ऊस तोडायला गेली. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोचं जोडपं. एकट्या गड्याला टोळीत कोण धरतो? फाल्गुनात परतली ती पाय सुजवून. चैत्रात तिचा फोन आला होता.

"वहिनी, डाक्टरनी लई पाणी प्यायला सांगितलंय. वस्तीवर बारा दिसाला टँकर येतो. दादांना म्हणावं, कारखान्याचा एक टँकर..."

"भिवरा," चंद्रभागाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या होत्या, "आता वहिनी नको म्हणूस बाई. काम झालं. लोक ऐकतात."

पलीकडून आलं, "बरं, बाईसाहेब."

हे त्यांना टोचलं होतं. म्हणून तर आजची साडी चांगल्यातली घेतली होती.

वस्तीवर गाडी थांबली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कुत्रं नाही, पाखरू नाही. टँकरच्या जागी रिकाम्या घागरींची रांग. वारा आला की त्या एकमेकींवर आपटून कोरड्या आवाजानं बोलल्यासारख्या वाजत. जळक्या पाचटाचा वास येत होता, आणि आसपास दोन कोसांत ऊस नव्हता.

उंबऱ्यात भिवरेची सासू चतुराबाई बसली होती.

"कोण हाय?"

"भिवराला भेटायचं होतं."

"कोण म्हनू तुमाला?"

चंद्रभागाबाईंच्या घशाशी नातं आलं आणि तिथंच थांबलं. "ओळखीची," त्या म्हणाल्या.

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं, पिशवीतून डोकावणाऱ्या हिरव्या काठाकडे पाहिलं. "उशीर केलाव बाई. भिवरा गेली की. आज अकरा दिस झाले."

"कशानं?"

"लघवीच बंद झाली. अंग फुगलं. दोन दिस नुसतं पाणी पाणी. अन् एकच नाव. वहिनी, वहिनी, पाणी द्या की. आता मला सांगा, तिला भाऊच न्हाई, तर वहिनी कुठली वो?"

चंद्रभागाबाईंनी साडीचा काठ पिशवीत आत दाबला.

म्हातारी उठली, आतून पेलाभर पाणी घेऊन आली. पेला निम्माच होता. "उन्हातून आलाव. घ्या."

"आज संकष्टी आहे माझी. निरंकार."

"आसं व्हय." चतुराबाईनं पाणी पुन्हा कळशीत ओतलं, थेंब न सांडता. "आमच्याकडं रोजच निरंकार."

साडी उंबऱ्यावर ठेवून चंद्रभागाबाई वळल्या. घागरी मागून वाजतच राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी सुंदररावांना सगळं सांगितलं आणि पदर पसरला. "अहो, आता तरी एक टँकर लावा तिकडं. म्हातारी आहे मागं."

सुंदररावांनी पाण्याचा तांब्या घटाघटा रिकामा केला. "येडी का काय तू? लोकं इचारतील, चेअरमनला त्या वस्तीचा पुळका कावून आला. तुझ्या देवाची दया झाली, आपलं निभावलं. गप बस."

चंद्रभागाबाईंनी देवापुढे निरांजन लावलं, पण त्या दिवशी गणपतीच्या डोळ्याला डोळा देववला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. कूलर थांबला आणि घर कसं कानात दडे बसल्यासारखं झालं. सुंदरराव पलंगावर झोपले होते. चंद्रभागाबाई खाली बसून वाती वळत होत्या. अचानक पाचटाचा वास आला. तोच, कालचा.

"वहिनी..."

त्यांचा हात थांबला.

"वहिनी... पाणी द्या की..."

आवाज खोलीतलाच होता. बारीक, दमलेला, बाईचा. त्यांनी मालकांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते. घोरणं चालू होतं. उजवा हात पोटावर, टाक्यांच्या जागी होता, आणि आवाज त्या हाताखालून येत होता... रजईखाली कुणी तोंड झाकून बोलावं तसा.

ओरडावं असं त्यांना वाटलं. पण ओरडून कुणाला बोलावणार, आणि काय सांगणार? त्या गुडघ्यांवर सरकत पलंगाशी गेल्या. उशाच्या तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं.

"वहिनी... मला एकटीला इथं... आदी आत येऊ का म्हणून इचारलं न्हाई मी. आता इचारते. येऊ का?"

चंद्रभागाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. भीतीचं होतं तसं शरमेचंही. देवाला नऊ महिने शब्द पाळला आणि या बाईला एक शब्द देववला नाही. भरली ओंजळ त्या हाताशी नेत त्या कुजबुजल्या,

"या, वन्सं. घर तुमचंच आहे."

पोटावरचा हात हळूच उचलला गेला आणि बाजूला पडला. लाइट आली. कूलर सुरू झाला. वास गेला.

सुंदरराव तिन्हीसांजेला उठले ते ताजेतवाने. "लई दिवसांनी अशी झोप लागली," म्हणाले. त्या दिवसापासून त्यांची तहान गेली. चंद्रभागाबाईंना वाटलं, मोकळी झाली बिचारी. आपल्या एका शब्दासाठी अडकली होती. त्यांनी तिच्या नावानं गाईला घास घातला आणि चार दिवस सुखाची भाकरी खाल्ली.

पाचव्या दिवशी शहरातल्या दवाखान्यात नेहमीची तपासणी होती. सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी मशीन पोटाच्या उजव्या अंगाला फिरवलं.

"ही आपण बसवलेली. मस्त चाललीय."

मग डावीकडे नेलं आणि त्या थांबल्या. पुन्हा फिरवलं. मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. दोघं पडद्याशी वाकून कितीतरी वेळ बघत राहिले.

"वहिनी," मोठे डॉक्टर वळून म्हणाले, आणि त्या शब्दासरशी चंद्रभागाबाई दचकल्या, "यांच्या बहिणीनं एकच दिली होती ना?"

"एकच."

"मग डावीकडची ही कुणी बसवली? यांच्या जुन्या दोन पाठीशी वाळून गेल्यात, त्या वेगळ्या. ही नवी आहे. पहिलीच्याच जोडीची."

सुंदररावांनी मान उचलून पोटाच्या डाव्या बाजूला पाहिलं. कातडी गुळगुळीत होती. टाका नाही, वण नाही.

"असं होऊच शकत नाही," डॉक्टरांचा आवाज उतरला. "त्या बहिणीला घेऊन या. आजच. तिच्या पोटात काय उरलंय ते मला बघायचंय. कुठं राहतात त्या?"

सुंदरराव बायकोकडे बघत होते. गप बस, असं डोळ्यांनी सांगत होते.

चंद्रभागाबाईंनी पदर डोक्यावरून नीट घेतला.

"त्या आता आमच्याकडंच असतात," त्या म्हणाल्या.