हवेतलं आबेक्रोम

"आबेक्रोमला कसं जायचं हो?"

"उडत," मोटारसायकलवाला म्हणाला.

मानसाला रागच आला. तार्क्वा शहराहून खच्चून भरलेल्या गाडीत, शेजारणीची कोंबडी मांडीवर सांभाळत ती इथवर आली होती. आणि रस्ता तर तारेच्या कुंपणाशीच संपला होता!

"थट्टा करताय?"

"छे गं! तू मानसा ना? पेरूच्या झाडावरून पडलीस, ती हनुवटीवरची खूण अजून तशीच आहे."

तिचं बोट नकळत हनुवटीवर गेलं. "एबो?... शेजारचा? मला ढकलणारा?"

"ढकललं नव्हतं. पकडायला गेलो, तर निसटलीस."

ती हसली. लहानपणी आईबरोबर गाव सोडलं, केप कोस्ट शहरात नर्स झाली. आता रविवारी कॅनडाला निघायचं होतं, तिथल्या इस्पितळात नोकरीला. त्याआधी एकदा घर बघायचं होतं. सोन्याची खाण वाढली, गाव हलवलं, एवढं तिच्या कानावर होतं. पण घराची एखादी भिंत तरी उरली असेल, असं तिला वाटत होतं.

एबो तिला कुंपणाकडेच्या मातीच्या उंचवट्यावर घेऊन गेला. शेवटच्या चढाला त्यानं हात दिला. आणि वर येताच —

पुढची जमीनच संपली. गावासकट अख्खी टेकडी उपटून काढावी, तसा प्रचंड खड्डा... तांबड्या पायऱ्यापायऱ्यांनी खाली, आणखी खाली गेलेला. तळाशी मुंग्या सरकत होत्या. त्या मुंग्या म्हणजे डंपर आहेत, हे कळायला तिला वेळ लागला. तिची आजी ओढ्यात वाकून, थाळीत वाळू फिरवून सोनं शोधायची. त्याच मातीच्या पोटात एवढी खोली होती?

"आमचं घर... कुठंय?"

एबोनं बोट उचललं. खाली नाही — समोर, हवेत.

"ती घार दिसते? तिथं तुमची चूल होती. जरा डावीकडं विहीर. तिच्यापलीकडं माझी आई पाम तेल कढवायची."

घार संथपणे चुलीवरून सरकली, भिंतीतून आरपार गेली, मानसाच्या अंथरुणावरून वळली... मानसानं हळूच चपला काढल्या, गावच्या राजासमोर काढतात तशा.

"घाबरलीस?"

"नाही रे. तूच बोल काहीतरी."

"मग मी बोलतो. तुम्ही निघालात त्याच्या आदल्या दिवशी तुला विहिरीपाशी बोलावलं होतं. आली नाहीस."

"आले होते! तू तुझ्या आईच्या, दोक्वा मावशीच्या हातचा मार खात होतास. पाहवेना, म्हणून परत फिरले."

एबो लाजून हसला. मग हसू मावळलं. "त्यानंतर कितीदा इथं उभा राहिलो. सगळं गाव बोटानं दाखवता येतं मला... पण नजर तुमच्याच दारात जाऊन थांबते, मानसा."

खालून भोंगा घुमला. सुरुंगांनी जमीन थरथरली, लाल धूळ फुलत वर आली. मानसानं त्याचा दंड धरला होता. थरथर थांबली, तरी सोडला नाही.

"मी रविवारी कॅनडाला जाणार आहे, एबो. दोन वर्षांचा करार आहे."

"माहीत आहे. गावात बातमी आली होती."

"परत आले, तर उतरू कुठं? घर तर..."

"आमच्याकडं ये ना, नव्या वसाहतीत. पाहुणी म्हणून."

"पाहुणी किती दिवस राहते रे?"

"राहील... चार दिवस."

"मग पाहुणी म्हणून नको."

एबो तिच्याकडे बघतच राहिला. "हे... आईला सांगू?"

"चल, मीच सांगते," मानसा म्हणाली, आणि त्याचा हात धरून उतार उतरू लागली.