भिंतीची वजाबाकी

आधी माझी ओढणी गेली, मग मी ओरडले.

कॉलेजच्या विंड टनेलच्या तोंडाशी मी वाकून उभी होते. विंड टनेल म्हणजे वाऱ्याचा बोगदा. एका टोकाला प्रचंड पंखा, मधे काचेची खोली, आणि तोंडाला जाळी. त्या जाळीत धूळ किती साचलीय ते मी पाहत होते आणि पलीकडून कुणीतरी न बघता बटण दाबलं. ओढणी सर्रकन खेचली जाऊन जाळीला चिकटली. ती खांद्याला पिनने टाचलेली असल्यामुळे मागोमाग मीही.

“बंद करा! अहो, बंद करा!”

पंखा मंदावत थांबला. बोगद्यामागून एक उंच, सावळा मुलगा धावत आला. कानामागे पेन्सिल, चेहऱ्यावर घाम.

“अरे बापरे... कोन होतं?”

“मी होते. अजून आहे!”

“मले वाटलं लॅबमधी कोनीच नाई.”

“वाटलं? बघून दाबायचं असतं ना बटण?”

गुडघ्यावर बसून तो जाळीत अडकलेला एकेक धागा सोडवत राहिला. एकही धागा तुटू दिला नाही, आणि माझ्या खांद्याला चुकूनही हात लागू दिला नाही. मग ओढणी माझ्या हातात देत अगदी गंभीरपणे म्हणाला, “कापड चांगलं होय तुमचं. जाळीच सोडून नाई राह्यली होती.”

मी चांगली रागावणार होते. हसूच आलं... काय करणार!

त्याचं नाव गोकुळ. जळगाव जामोदचा. ही लॅब सांभाळायला त्याच आठवड्यात रुजू झाला होता. मी चिखलीची जयमाला, एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला. सातपुड्याच्या पाड्यांवर औषधं पोचवणारं एक छोटं, बिनमाणसाचं विमान आमच्या विभागाने करायला घेतलं होतं आणि त्याचा पंख माझ्या गळ्यात पडला होता. म्हणजे आता रोज बुलढाण्यात, रोज त्या लॅबमध्ये, रोज याच्यासमोर.

काही दिवस मी ‘मॅडम’ होते. मग ‘जयमाला मॅडम’ झाले, मग नुसती जयमाला. एकदा मी पंखाची ताकद मोजणाऱ्या तराजूवर टेकले आणि आकडे हलले, तेव्हा तो भडकून म्हणाला, “सरक न बे तिकडे!” आणि लगेच जीभ चावली. मला तो दिवस फार आवडला.

“तुम्ही घाटाखालचे लोक असेच बोलता का रे मुलींशी?” मी छेडलं.

“नाई. मुलींशी बोलतच नाई.”

“मग माझ्याशी?”

“तू तं...” तो थांबला, स्क्रू घट्ट करू लागला. “तू तं प्रोजेक्टची होय.”

बघा, हे असं होतं त्याचं. वाक्य सुरू व्हायचं एका ठिकाणी आणि उतरायचं भलत्याच स्टँडवर.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मोकळ्या आभाळात पंख आला की वारा वरखाली, आजूबाजूला सरकून त्याला वाट देतो. बोगद्यात सरकायला जागा नसते. भिंती वाऱ्याला दाबतात, मग तो पंखाजवळून जास्त जोराने जातो. तराजू सांगतो, पंख भलताच ताकदवान आहे! त्यातली थोडी ताकद पंखाची नसते, भिंतीची असते. ती हिशेबाने वजा करायची, मग उरतो तो आभाळातला खरा पंख. माझा पंख तर बोगद्याच्या मानाने मोठाच झाला होता, त्यामुळे वजाबाकीही मोठी.

आणि ही वजाबाकी करता करता मला एक वाईट खोड लागली.

गोकुळ माझ्यासाठी चहा झाकून ठेवायचा. मी म्हणायचे, लॅबमध्ये दुसरं आहे कोण? वजा. मी रजेवरून आले की म्हणायचा, “लॅब सुनी वाटत होती.” लॅब! वजा. मला भीती वाटायची. या चार भिंतींमुळेच सगळं मोठं दिसत असेल, आणि बाहेर, मोकळ्या आभाळात, याला माझं काहीच वाटत नसेल तर? मला मात्र तो आवडत होता. बसमध्ये, मेसमध्ये, चिखलीला घरी गेल्यावर, सगळीकडे तेवढाच.

डिसेंबरात त्याला बेंगळुरूहून नोकरीचं पत्र आलं. तिथे मोठा बोगदा, खऱ्या विमानांचं काम. सोमवारपर्यंत होय की नाही कळवायचं होतं.

“गेलं तरी चालते... नाई गेलं तरी चालते,” तो पंख पुसत म्हणाला. “तुले काय वाटते?”

चालते! मी त्यातूनही भिंत वजा केली. हाती काहीच उरलं नाही.

“जायला पाहिजे,” मी म्हणाले. “अशी संधी कोण सोडतं?”

“हाव. ते बी आहेच,” तो मान डोलावत म्हणाला आणि पुसलेला पंख पुन्हा पुसू लागला.

त्याच आठवड्यात माझा हिशेबही बसेना. आकडे म्हणत होते की औषधांचं वजन घेऊन हा पंख वेळेत उठणारच नाही. माझ्या मार्गदर्शक सरांनी दुसरा पंख करायला सांगितला. मी रडवेली झाले.

“एकडाव मोकळ्यात उडवून पाय न,” गोकुळ म्हणाला. “रविवारी आमच्या वावरात चल. आई भरीत करून राह्यली.”

रविवारी आम्ही एस.टी.ने राजूर घाट उतरलो. विमानाचं धड त्याच्या मांडीवर, गोधडीत गुंडाळलेला पंख माझ्या मांडीवर. कंडक्टरने गोधडीकडे पाहून विचारलं, “लेकराचं वय काय?” गोकुळ कानापर्यंत लाल झाला आणि नांदुरा येईस्तोवर खिडकीबाहेर पाहत बसला.

वावरात त्याची आई, रुखमाबाई, पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर हिरवी वांगी भाजत होत्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

“तूच का वं ते ओढनीवाली?”

“आई!” गोकुळ ओरडला.

म्हणजे हा घरी माझ्याबद्दल बोलतो? मग मीच स्वतःला समजावलं, गंमत म्हणून सांगितलं असेल. वजा!

वावराशेजारची पांदण, म्हणजे बैलगाडीची वाट, सरळ आणि टणक होती. मी हिशेब करून तिच्यावर चुन्याची रेघ मारली. “औषधांएवढं वजन ठेवलंय. या रेघेआधी उठणार नाही. रेघेनंतर बाभळी आहेत, म्हणजे उठूनही उपयोग नाही.”

“अन् आधीच उठलं तं?”

“तर तू मागशील ते देईन.”

“पाय हं...” तो म्हणाला आणि रिमोट हातात घेतला.

त्याने विमान सोडलं. ते धूळ उडवत धावलं आणि रेघ चांगली लांब असतानाच, अगदी अलगद, उठलं! बाभळींवरून वळून पऱ्हाटीवर घिरट्या घालू लागलं. मी उड्या मारल्या. मग उड्या मारता मारताच थांबले.

“वारा असेल समोरून.”

गोकुळने चुलीकडे बोट दाखवलं. धूर सरळ उभा चढत होता. तरी आम्ही रेघेपासून उलट्या दिशेने पुन्हा उडवलं. पुन्हा तेवढं अंतर संपायच्या आधीच उठलं.

“मग माझ्या हिशेबात पंख एवढा दुबळा कसा?” मी धुळीतच बसले. “तराजूच्या आकड्यातून भिंत वजा केली, बस. दुसरं काही केलं नाही मी.”

“तू काऊन वजा केली?” गोकुळ गोंधळला. “ते तं मी प्रोग्राममधीच करून ठेवली होती. तुले आकडे मिळत, ते वजा केलेलेच.”

“मला सांगितलं नाहीस!”

“तू इचारलं नाईस. मले वाटलं, तेवढाच तुहा तरास वाचंन.”

भिंत एकच होती. आम्ही दोघांनी, एकमेकांना न सांगता, आपापल्या शहाणपणाने, ती दोनदा वजा केली होती. धडधाकट पंख बिचारा कागदावर लुळा पडला होता.

मी हसू लागले, आणि हसता हसता काहीतरी लख्ख कळलं.

“गोकुळ... तू बोलतानाही असंच करतोस का?”

“म्हन्जे?”

“आधीच वजा करून सांगतोस?”

तो रिमोटच्या दांडीशी चाळा करत राहिला. मग हळूच म्हणाला, “तू एकटी असतं त्या लॅबमधी. मी मनातलं सारं बोललो असतो, अन् तुले नसतं आवडलं, तं तुले तिथं येनं जड गेलं असतं. म्हनून... अर्धंच बोलत होतो.”

माझे डोळे भरून आले. “आणि मी त्या अर्ध्यातूनही भिंत काढत होते. मला वाटायचं, लॅबमध्ये मीच एकटी, म्हणून बोलतोस.”

“मंग उरत काय होतं?”

“काहीच नाही. म्हणून तर जा म्हणाले.”

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. तसाच, जसा पहिल्या दिवशी जाळीपाशी बसला होता.

“इथं तं भिंत नाई,” तो म्हणाला. “अन् पैज मी जिंकली. मांगू?”

“माग. पण वजा न करता.”

“तू मले लय आवडतं, जयमाला. लॅबमधी, वावरात, एस.टी.त, कुठंबी. लगन कर माह्याशी.” एवढं बोलून त्याला जणू धापच लागली. “बेंगळुरूले नाई म्हनून कळवतो उद्या.”

“वेडा आहेस का? होय म्हणून कळव. माझा पंख पास झालाय आता. प्रबंध देते आणि मीही तिकडेच काम शोधते.”

“म्हन्जे... हाव?”

“हाव,” मी म्हणाले. अगदी त्याच्यासारखं. तो इतका मोठ्याने हसला की बाभळीवरचे पोपट उडाले.

“वांगे गार होऊन राह्यले! येता का नाई?” चुलीपासून हाक आली.

आम्ही लिंबाखाली जेवायला बसलो. रुखमाबाईंनी मला पुऱ्या वाढल्या, वर भरिताचा डोंगर केला. मग लेकाकडे वळल्या.

“तुले किती वाढू रे?”

“थोडंसं,” गोकुळ सवयीने म्हणाला.

“भरपूर वाढा, आई,” मी म्हणाले. “हा आधीच कमी करून सांगतो.”

त्यांचा हात तसाच थांबला. सकाळपासून मी त्यांना काकू म्हणत होते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मान खाली घातलेल्या गोकुळकडे. मग पदराने डोळे टिपले आणि धुराला उगाच दोष देत त्याचं ताट काठोकाठ भरलं.