टोपलीखालचा पॅटर्न

ठेवा रे थे फोन बाजूले. भुताची गोष्ट बी पायजे आन डोळे बी फोनमंदी, असं माह्या घरी चालत नाही. सेवालाल, गोष्ट फोनचीच हाय, म्हनून तू त सगळ्यात आधी ठेव.

हे झालं मागच्या साली, अठरा नोव्हेंबरले. मंगळवार होता, अवस दोन दिवसांवर आली होती. तारीख मले पक्की याद हाय, कारन त्या दिवशी मी एका नवरदेवाचा कोट शिवून राह्यलो होतो. संध्याकाळी सहा वाजता मोईन दुकानात आला आन म्हने, "पुंजाजीकाका, मी जरा किन्हीराजाले जाऊन येतो. माह्या शटरवर नजर ठेवा." आपला मोईन तुमाले माहीत हाय. शिरपूरच्या स्टँडवर माह्या शिलाईच्या दुकानाले लागून त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. पोरगा खोटं बोलत नाही. आन भूतबित त मुळीच मानत नव्हता. तवा.

काम काय होतं, त एक फोन वापस द्यायचा होता.

फोन किन्हीराजाच्या विकासचा. पावती त्याच्या नावाची, खोका त्याच्या घरी, पन फोन त्यालेच उघडत नव्हता. झालं असं का, त्याची बायको निता, तिले डेंगूचा ताप आला. वाशीमले दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या राती तिनं आपल्या चार वर्षाच्या पोरीसाठी झोपायचं गानं फोनमंदी भरून ठेवलं. पोरीचं नाव संस्कृती. मायच्या गान्याबिगर झोपतच नसे थे. आन पोरीनं खेळता खेळता गानं पुसू नये म्हनून नितानं फोनले नवा पॅटर्न लावला. विकासनं थो इचारला नाही. कायले इचारन? त्याचा अंगठा लागला का फोन खुलून जाये. चार राती पोरगी गानं ऐकून झोपली. पाचव्या दिवशी निता गेली.

तिले माती द्यायच्या गडबडीत फोनची बॅटरी उतरली आन फोन बंद पडला. चार्ज करून चालू केला त अंगठा घेईना. म्हने, आधी पॅटर्न टाका. बंद होऊन चालू झालेला फोन असाच अडून बसते, इचारा कोनाले बी.

मंग विकासनं बोट फिरवनं सुरू केलं. निताच्या नावाचं अक्षर, पोरीच्या नावाचं अक्षर, उलटं, सुलटं. चौदा खेपा चुकला. त्या फोनची रीत अशी का पंधरावी खेप चुकली त आतलं सगळं आपोआप साफ. मोईननं सहा दिवस डोकं लावलं. म्हने, "भाऊ, फोन मी आत्ता खोलून देतो, पन कोरा करून. गानं राह्यत नाही." एवढा धिप्पाड मानूस, त्यानं भर स्टँडवर मोईनचे पाय धरले. मले पाहवलं नाही बाप्पा. मी उगाच मशीन चालू केली, आवाज व्हावा म्हनून.

तिकडं पोरगी जेवत नव्हती. राती घसा बसेपर्यंत एकच, "मायचं गानं लाव. मायचं गानं लाव." त्या मंगळवारी विकासनं शेजाऱ्याच्या फोनवरून मोईनले सांगतलं, "तुह्यानं होत नसन त फोन आनून दे. शेवटची खेप मीच टाकतो. काय व्हायचं थे होऊ दे." मोईनले वाटलं, हा मानूस आज सगळं घालवते. म्हनून त्यानं फोन कोनाच्या हाती पाठवला नाही, सोता गाडी काढली.

आपल्या वाशीमकडच्या मालेगाववरून फिरून नऊच्या सुमाराले पोचला. घरात त्या दिवशी दहावं झालं होतं. आता तुमाले आपली रीत माहीत हाय. दहाव्याच्या राती गेलेल्या मानसाच्या खोलीत ताटात पीठ पसरून ठेवतेत, बाजूले दिवा, वरून टोपली. सकाळी पिठावर ज्याचं पाऊल उमटन, त्या जलमाले मानूस गेलं म्हनतेत. विकासची माय, पंचफुलाबाई, तिनं सोता ज्वारीचं पीठ पसरलं, टोपली पालथी घातली, खोलीले कुलूप लावलं आन चाबी कमरेले खोचली.

मोईन विकासले म्हने, "भाऊ, आत्ता नको. तू दहा दिवसाचा जागा हायेस. सकाळी पाहू." कसंबसं ऐकलं त्यानं. दोघं ओसरीत लवंडले, फोन दोघांच्या मंदात. आत आजीच्या मांडीवर पोरगी रडून राह्यली होती. आवाज उरला नव्हता तिले. नुसतं तोंड उघडे...

दोन वाजून चाळीस मिनिटं झाले होते.

फोन आपोआप उजळला.

कोनी हात लावला नव्हता. नऊ ठिपके. काळ्यावर पांढरे. मोईननं पाह्यलं. विकासनं पाह्यलं.

मंग खोलीतून आवाज आला.

खस्...

थांबला.

खस्... खस्...

"उंदीर असन," मोईन म्हने. मोईनले सोताच्याच आवाजाचं भेव वाटलं.

खस्...

आत पोरीचं रडनं थांबलं. एकदम. थे उठून बसली. कुलूप लावलेल्या दाराकडं पाहे. रडली नाही. हासली बी नाही. नुसती पाहे.

"माय..."

फोन इझला.

पंचफुलाबाईले सकाळपर्यंत दम निंगाला नाही. तिनं तवाच कुलूप काढलं. दिवा चालूच होता. टोपली जागच्या जागी. तिनं हात जोडले, टोपली उचलली आन तिच्या डोळ्याले धार लागली. "पाखरू झाली माही सून! पाहा, पाखराचं पाऊल!" थे ताट उचलाले वाकली. सकाळी पहिलं काम थे पीठ पान्यात सोडाचं असते.

मोईननं तिचा हात धरला. परक्या घरात, परक्या रीतीत, असं कोनी करत नाही. पन त्यानं धरला. "काकी, थांबा. हे पाऊल नोहे."

एक रेघ होती पिठात. एकच. तीन जागी वळलेली. ना नख, ना पंजा. बोटाची रुंदी.

मोईन रोजचा त्याच कामातला मानूस, त्यानं रेघ ओळखली. विकासनं बी ओळखली. त्यानं फोन उचलला, बोट नेलं काचेजवळ...

"थांब!" मोईन वरडला. "सुरू कोन्या टोकाकून?"

आता पाहा, रेघेले दोन टोकं. खेप एकच. उलटी फिरली त निताचा आवाज गेला, जलमभरासाठी. विकास म्हने, "सांग ना भाऊ. सांग ना. माही पोरगी मरून राह्यली."

मोईन दिवा घेऊन ताटावर वाकला. नाक पिठाले लागते का काय असा. बोट जिकडं जाते तिकडं पीठ लोटत नेते. डाव्या खालच्या टोकाले पिठाची इवलीशी ढेपी होती. म्हनजे बोट तिथं थांबलं. म्हनजे निंगालं उजवीकडून, वरून.

"उजवीकडून कोन सुरू करते?" मोईन सोताशीच म्हने.

विकास म्हने, "डावरी होती थे, डाव्या हाताची..."

त्यानं उजवीकून बोट ठेवलं. खाली आनलं. वळवलं. वळवलं. पुन्हा वळवलं.

उचलेना. भेव वाटे बोट उचलाचं.

उचललं...

फोन खुलला.

नितानं आपल्या मनानं जुळवलेलं गानं होतं थे. कापसाची गादी, चांदनीचा दिवा, माह्या बाईले झोप लागू दे देवा. तापानं आवाज जड, मंदात एक खोकला. गानं सरायच्या आधी पोरगी झोपली. दहा दिवसानं. आन विकास हमसून हमसून रडला, तिची झोप मोडू नये म्हनून तोंडात दुपट्टा कोंबून. मोईन म्हने, काका, मी बी रडलो. त्यानं निंगायच्या आधी थे गानं तीन जागी उतरवून देलं.

काय म्हनतं सेवालाल? उंदीर? हो बाप्पा, उंदीरच असन. डावरा. तुह्यापेक्षा शिकलेला.

आता राह्यलेलं ऐका.

संक्रांतीच्या टायमाले पोरीच्या हातून थो फोन पडला, काच तडकली. विकास मोईनकडं घेऊन आला. मोईननं काच गरम करून काढली. मी बाजूलेच होतो, सदऱ्याले बटनाचे काज करून राह्यलो होतो. कंपनीचा गोंद जसाचा तसा, फोन कधीच उघडलेला नव्हता. मोईननं काच उलटी केली...

आन तसाच बसला.

मी म्हनलं, "काय झालं बे?" त्यानं काच माह्याकडं केली.

आतल्या अंगानं पीठ होतं. ज्वारीचं. जिथं हवा जाले जागा नाही तिथं. आन त्या पिठात बोटाची रेघ. तीन जागी वळलेली.

मोईननं थे पुसलं नाही. विकासले सांगतलं बी नाही. नवी काच टाकून देली आन जुनी कागदात गुंडाळून मले देली. म्हने, "काका, माह्यानं दुकानात ठेववत नाही."

थो बटनाचा डबा आन इकडं. थो नाही, निळा.

हां.

पाहा... फुंकर मारू नको.