एकशे चाळीस नावं

देस्पिना खोकं घेऊन मेतोदीच्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरली आणि समोरून येणाऱ्या तरुणावर आदळता आदळता थांबली. त्याच्या हातांवर पांढऱ्या टेबलक्लॉथची चळत होती, थेट हनुवटीपर्यंत. सगळ्यात वरच्या टेबलक्लॉथच्या मधोमध एक हिरवं 'झ' उलटं चिकटलं होतं.

ते 'झ' तिनं कुठंही ओळखलं असतं. तिनंच तर कापलं होतं.

"जरा वाट देता?" तो म्हणाला. "मला एक बाई शोधायचीय. नॅपकिनांवर नावं चिकटवणारी."

"सापडली," देस्पिना म्हणाली.

त्यानं चळत खाली ठेवली. बाहेर तळ्यावर मे महिन्यातला बारीक पाऊस पडत होता आणि त्याचे केस कपाळाला चिकटले होते. अंगाला साबणाचा, वाफेचा वास. भांडायला आलेल्या माणसानं कपाळावर जेवढ्या आठ्या आणायच्या असतात तेवढ्या त्यानं आणल्या, पण तिच्याकडे बघता बघता त्यातल्या दोन-तीन गळून पडल्या.

"मी नाउम. खालच्या गल्लीतली लाँड्री आमची. तुमची अक्षरं नॅपकिनांवरून सुटली, माझ्या इस्त्रीच्या रुळाला चिकटली, आणि रुळानं ती सत्तावीस टेबलक्लॉथना वाटली."

"सत्तावीस? माझी एवढी जाहिरात आजवर कुणी केली नव्हती."

"हसू नका."

"बरं. किती गरम पाण्यात धुता?"

"नव्वद."

"अहो, माणसाला नव्वदला उकळलं तर त्यालाही स्वतःचं नाव आठवणार नाही."

"इथं लोक वाइन सांडतात, तेलकट मिरच्यांची चटणी सांडतात. गेल्या आठवड्यात एकानं नॅपकिननं बूट पुसले. मग काय, थंड पाण्यात विसळू?"

कांदा चिरता चिरता मेतोदी हे सगळं ऐकत होता. त्यानं सुरी खाली ठेवली. "तीन आठवड्यांनी इलिंकाचं लग्न आहे. एकशे चाळीस पाहुणे, प्रत्येक ताटाशी पाहुण्याच्या नावाचा नॅपकिन, असा तिचा हट्ट आहे. देस्पिना, नावं धुण्यात टिकली तर या मोसमातली सगळी लग्नं तुझी. नाही टिकली तर मी कागदी नॅपकिन ठेवणार. तुम्ही दोघं आपसात काय ते ठरवा, पण माझ्या स्वयंपाकघरात नको."

इलिंका देस्पिनाची शाळेपासूनची मैत्रीण. आणि देस्पिनानं दोनच महिन्यांपूर्वी राजधानी स्कोप्येमधली छापखान्यातली नोकरी सोडून ओह्रिडला, आपल्या गावी, घराच्या मागच्या खोलीत हा धंदा मांडला होता. सगळ्या आत्या-मावश्यांनी नाकं मुरडली होती. कापडावर नावं चिकटवणं हे काय काम झालं? देस्पिना कुणाशी वाद घालत बसली नाही. तिला स्वतःबद्दल शंका नव्हती. शंका असलीच तर कापडाबद्दल होती.

"उद्या सकाळी एक नॅपकिन घेऊन येते," ती नाउमला म्हणाली. "हवा तसा धुवा."

घरी येऊन तिनं अक्षरं कापायच्या मशीनवर रंगीत व्हिनाइलचा, पाठीला डिंक असलेल्या पातळ प्लॅस्टिकचा, तुकडा लावला. अक्षरं उलटी कापायची, म्हणजे कापडावर सुलटी उमटतात. मग बारीक आकडीनं अक्षरांच्या पोटातले नको असलेले तुकडे एकेक उचलायचे, आणि तापलेल्या प्रेसखाली पंधरा सेकंद दाबायचं. तिनं शब्द निवडले: 'हरणार नाही'.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती लाँड्रीत गेली तेव्हा नाउमनं नॅपकिन घडी करून तिच्यापुढे ठेवला. चेहरा एकदम गंभीर. तिनं घडी उलगडली. 'नाही' धुऊन गेलं होतं. उरलं होतं ते 'हरणार'.

"मी काही बोललो नाही," नाउम म्हणाला. "कापडानंच कबूल केलं."

देस्पिनाला हसू आवरेना. हसताना तिला एक जाणवलं, की हा माणूस आपल्या हसण्याकडे जरा जास्तच वेळ बघतोय...

"एक विचारू?" तो म्हणाला. "दुकानातून आणलेल्या कापडाची खळ आधी धुऊन काढता?"

"खळ?"

"नव्या कापडाला असतेच. तुमचं अक्षर कापडाला धरतच नाही, खळीला धरतं. खळ गेली की तेही गेलं."

तिला जरा राग आला. छापखान्यात चार वर्षं काढली, आणि ही गोष्ट हा धोबीदादा सांगतोय. पण तो खरं बोलत होता. खऱ्यावर रागावण्यात देस्पिना वेळ घालवत नसे.

"आणि तुम्ही धुताना ते मऊ करायचं औषध घालता?"

"सगळ्यात घालतो."

"त्यानं डिंक सुटतो. घालू नका. अक्षरं आतल्या बाजूला घ्या, साठच्या वर जाऊ नका. वाइनचे डाग आधी हातानं काढा."

"एकशे चाळीस नॅपकिनांचे?"

"हात चांगले दिसतायत तुमचे," ती म्हणाली, आणि नॅपकिन खांद्यावर टाकून निघून गेली. तळ्याच्या कडेनं घरी जाताना तिच्या लक्षात आलं, आपण शीळ घालतोय.

मग तो रोजचा परिपाठच झाला. सकाळी नऊला ती एक नॅपकिन द्यायची, संध्याकाळी परत घ्यायची. दुकानाच्या गल्ल्यावर नाउमची आई वासिल्का बसलेली असायची. धिप्पाड बाई, मोजकं बोलणारी; मान हलवून ती देस्पिनाला आत सोडायची. 'जरा जपून' असं लिहिलेला नॅपकिन आला तो फक्त एक काना गमावून. 'घासू नका' पूर्ण टिकला. आठव्या दिवशी नाउम म्हणाला, "आज शब्द मी सांगतो."

"सांगा."

त्यानं रुळाचं बटण बंद केलं, उगाचच परत चालू केलं. "लिहा... 'संध्याकाळी फिरायला येतेस?'"

"येतेस?"

"'येता का' लांब होतं. व्हिनाइल वाया जाईल."

"आणि प्रश्नचिन्ह?"

"तेच बघायचंय. लहान असतं, आधी तेच सुटेल. सुटलं की मग प्रश्न उरणार नाही, तू येणारच असं होईल."

देस्पिनानं ते प्रश्नचिन्ह दोनदा दाबलं, वरून एकदा, कापड उलटं करून एकदा. संध्याकाळी ते जागच्या जागी होतं, चकचकीत.

"टिकलं," नाउम खिन्न होऊन म्हणाला.

"म्हणजे उत्तर द्यावं लागणार."

"दे ना मग."

"चल," ती म्हणाली. "पण बूट बदल. हे भिजलेत."

त्यानंतर रोज संध्याकाळी ते तळ्याच्या कडेनं चालले. नाउम फार बोलायचा नाही, पण गावातल्या कुणाच्या सदऱ्याला कोणता डाग असतो आणि तो कशानं जातो, हे त्याला पाठ होतं. कुणाचं दुःखही त्याला कपड्यांवरून कळायचं. "एकटा राहिलेला माणूस उशीचे अभ्रे दोन आणतो," त्यानं एकदा सांगितलं. "एक मळलेला, एक कोरा. दोन्ही धुऊन द्यायचे, विचारायचं नाही." त्या दिवशी देस्पिनानं पहिल्यांदा त्याचा हात धरला. गरम पाण्यानं रापलेला, खरबरीत हात. प्रेमाचं मात्र ती बोलली नाही, आणि तोही नाही.

एकशे चाळीस नावं गुरुवारी तयार झाली. मेतोदीची अट होती, की सगळे नॅपकिन एकदा धुऊनच ताटाशी लागतील. देस्पिनानं टोपली नाउमच्या स्वाधीन केली. शुक्रवारी दुपारी तो टोपली यंत्रात रिकामी करणार, तेवढ्यात ऊन पडलं. नाउम देस्पिनाला म्हणाला, अर्धा तास होडी काढू. तळ्याच्या मध्यावर गेल्यावर वारा फिरला, आणि त्या अर्ध्या तासाचे अडीच तास झाले.

भिजून, हसत दोघं दुकानात शिरले. वासिल्कानं टेबलावर नॅपकिन पसरून ठेवले होते. बहुतेकांवरची अक्षरं अर्धवट सोललेली होती.

"तुझं हे काम कच्चं आहे गं मुली," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती, कळकळ होती. "एका धुण्यात निम्म्यापेक्षा जास्त गेले. एकोणऐंशी मोजले मी."

"कितीला धुतलेत मावशी?"

"नव्वदला. चाळीस वर्षं नव्वदलाच धुतेय. आणि लग्नाचे म्हणून मऊ करायचं औषध जरा सढळ हातानं घातलं."

देस्पिना नाउमकडे वळली. तो यंत्राच्या काचेत काहीतरी बघत होता. काचेत बघण्यासारखं काही नव्हतं.

"तू यांना सांगितलं नाहीस."

"सांगणार होतो..."

"तीन आठवडे मी इथं येतेय. मावशी, मी तुम्हाला कोण वाटते?"

"गिऱ्हाईक," वासिल्का म्हणाली. "हट्टी गिऱ्हाईक."

देस्पिनानं नॅपकिन गोळा केले. नाउम पुढे आला तर तिनं टोपली दुसऱ्या हातात घेतली. "आत्ता चार वाजलेत. लग्न उद्या चारला. पुष्कळ वेळ आहे," ती म्हणाली. घराचा चढ चढताना मात्र डोळे चुरचुरले. नावांचं तिला काही वाटत नव्हतं. नावं पुन्हा कापता येतात. पण डाग झाकावा तसं त्यानं तिला आईपासून झाकून ठेवलं होतं... ते कुठल्या प्रेसखाली दाबून सरळ होणार होतं?

अंधार पडेपर्यंत ती काम करत राहिली. उरलेसुरले तुकडे गरम करून सोलायचे, कापडावर राहिलेल्या फिकट खुणेवर नवं अक्षर बरोबर बसवायचं. मग जेवून झोपली. थकलेल्या हातानं अक्षर तिरकं बसतं, हे तिला ठाऊक होतं.

सकाळी आठ वाजता दार वाजलं. दारात नाउम उभा होता. त्याच्या मागे, दोन्ही हातांत मोठं झाकलेलं ताट घेऊन, वासिल्का.

"आईला सांगितलं," नाउम म्हणाला.

"काय? तापमान?"

"ते नंतर. आधी तुझं नाव."

देस्पिना दाराला टेकून उभी राहिली. "पुढं?"

"पुढं हे, की नऊ वाजायची मी रोज वाट बघतो. तुला यायला उशीर झाला की चुकीच्या पिशव्या चुकीच्या लोकांना देतो. परवा पोस्टमास्तरांना नर्सबाईंचे गणवेश गेले."

"गेले," वासिल्का मागून म्हणाली. "शहाणा माणूस. घडी न मोडता परत केले."

"मग लपवलंस का?"

"आईला साठला धू म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, कुणासाठी. मला तेव्हा खरं बोलावं लागलं असतं. आणि तू अजून मला काहीच बोलली नव्हतीस. मी घाबरलो, देस्पिना. माझं तुझ्यावर प्रेम आहे आणि मी घाबरलो."

हे त्यानं इतकं सरळ सांगितलं, की तिच्या रागाला धरायला कुठं जागाच राहिली नाही. आत काहीतरी ऊबदार पसरत गेलं. पण तिनं चेहऱ्यावर ते येऊ दिलं नाही.

"तू काही बोलणार आहेस की..."

"हात धुऊन ये," ती म्हणाली. "तेहतीस नावं राहिलीयत."

वासिल्कानं ताट उघडलं. लोखंडी झाकणाखाली पहाटेपासून एकेक पातळ थर भाजत केलेलं ग्योमलेझे, थरांची जाड पोळी, होतं, वाफाळतं. तिघांनी उभ्यानंच खाल्लं. मग देस्पिना कापत गेली, नाउम आकडीनं अक्षरांची पोटं साफ करत गेला, आणि वासिल्का प्रेसचा दांडा दाबायला उभी राहिली. तिच्या जोरापुढे एकाही अक्षराची सुटायची टाप नव्हती. मधूनच नाउमचं कोपर देस्पिनाच्या कोपराला लागायचं. ती बाजूला सरकली नाही. शेवटचा नॅपकिन साडेबाराला झाला.

संध्याकाळी मेतोदीच्या अंगणात, तळ्याला लागून, टेबलं मांडली होती. पाहुणे आपापलं नाव शोधत फिरत होते, सापडलं की शेजाऱ्याला दाखवत होते. इलिंकाची म्हातारी आत्या झिवका हिनं आपला नॅपकिन उचलला, नावावरून बोट फिरवलं आणि तो पर्समध्ये घातला. तोंड तिनं हातरुमालाला पुसलं. तिचं बघून शेजारणीनं तेच केलं. जेवणं होईपर्यंत टेबलांवर एकसुद्धा नॅपकिन उरला नाही.

मेतोदी तणतणत आला. "सगळे घरी घेऊन चाललेत. आता दर लग्नाला नवे करावे लागणार. देस्पिना, सोमवारी ये, पुढच्या चार लग्नांच्या याद्या देतो."

तो गेल्यावर नाउम टेबलाला टेकून हसत सुटला. "धुवायला एकही येणार नाही. तीन आठवडे उगाच घालवले आपण."

"उगाच?" देस्पिना म्हणाली.

त्याचं हसू थांबलं.

"इकडे बघ. सकाळी तू विचारलंस, तेव्हा माझे हात कामात होते. आता मोकळे आहेत. मला तू आवडतोस. तुझं बोलणं आवडतं, न बोलणं त्याहून आवडतं. आणि यापुढं मला कुणापासून लपवलंस तर मी स्वतः गल्लीच्या तोंडाशी उभी राहून सांगेन. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "परत एकदा सांगतेस?"

"नाही. नाच सुरू झालाय."

अंगणात ओरो नाचाची लांब साखळी फिरू लागली होती, हातात हात, पाय तालावर. देस्पिनानं नाउमला ओढत नेलं आणि दोघं साखळीत घुसले. नाउमचे पाय प्रत्येक वेळी अर्ध्या ठोक्यानं मागे पडत होते. इतक्यात देस्पिनाचा दुसरा हात कुणीतरी घट्ट धरला. बघते तर वासिल्का. इलिंकाची सासू नुकतीच सुनेचा हात धरून याच साखळीत नाचली होती. आजूबाजूच्या बायकांनी आता वासिल्काकडे पाहिलं, देस्पिनाकडे पाहिलं, आणि एकमेकींना कोपरखळ्या मारल्या.

"पायांकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ," वासिल्का म्हणाली. "आणि मला मावशी म्हणायचं की आई, ते लवकर ठरव. पुढची पावलं जलद आहेत."

"ठरलंय, आई," देस्पिना म्हणाली, आणि ताल वाढला.