सुपडूसकट आलेला बाक

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि सुरतेच्या उधन्यातली एक गल्ली समोर आणा. दोन्ही बाजूंना कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने... खटाखट, खटाखट. शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, म्हणून कारागीर हातांनीच बोलतात. बोट वाकवलं की अर्धा चहा, मूठ उघडली की धागा तुटला.

गल्लीच्या तोंडाशी इंदुबाईचं चहाचं हॉटेल होतं. पाळी सुटली की सगळे तिथेच. गावाकडची पत्रं तिथे वाचली जायची, सोयरिकी तिथे जुळायच्या. पंच्याण्णव साली रस्ता रुंद झाला आणि हॉटेल गेलं.

लूमवरचा कारागीर पंडित गावाहून परतला तो थेट चहाला आला. समोर मोकळी जागा! इंदुबाईची थोरली, नीलम, विटा रचत होती. धाकटी साक्षी एकेक वीट आणून देत होती.

"चहा...?"

"पंधरा दिवस उशीर केलात," नीलम वर न बघता म्हणाली.

"आणि माझा कोपऱ्यातला बाक?"

"तुमचा? नाव कोरलं होतं का?"

"नाव नाही. बसून बसून खड्डा पाडला होता."

ती हसली. चेहरा वळवला तिने, पण तोवर पंडितला ते हसू दिसलं होतं. लगेच ते विरलं.

"मागे सरकून जागा मिळालीय. पण आई म्हणते, आखाजीपर्यंत छप्पर चढलं नाही तर धरणगावला परत... कायमचं."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अकरा दिवस होते.

हॉटेल पाडायच्या आधी कारागिरांनी सामान आपापल्या खोल्यांवर नेऊन ठेवलं होतं. पंडित दारोदार फिरला. पत्रे मिळाले, वासे मिळाले. बाकावर मात्र रातपाळीचा सुपडू भरदुपारी घोरत होता. किती हलवला, उठेना. शेवटी चौघांनी बाक सुपडूसकट उचलला आणि गल्लीतून वरात काढली.

"हाई काय शे रे?" इंदुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली.

सुपडूने डोळे किलकिले केले. "मावशी, एक अर्धा. साखर जास्त."

आखाजीच्या आदल्या दिवशी छप्पर चढलं. धरणगावला जायला बांधलेली बोचकी सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलम चहा घेऊन कारखान्यात गेली. मागे साक्षी. झरोक्यातून ऊन उतरत होतं, त्यात कापसाचे तंतू तरंगत होते... पंडितने तिला पाहिलं. बाहेर, शांततेत, मनातलं सांगायला त्याची जीभ अडखळायची. इथे मात्र हात धीट झाले. त्याने तिच्याकडे बोट दाखवलं, मग तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला, आणि भुवया उंचावल्या — 'माझी होशील?'

नीलमच्या एका हातात किटली, दुसऱ्या हातात ग्लासांची जाळी. उत्तर द्यायचं तरी कशाने? ती नुसतीच उभी... कानापर्यंत लाल. पंडितचा चेहरा उतरू लागला.

साक्षीने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा ताईकडे. मग पुढे होऊन तिने ताईच्या हातातली किटली हळूच काढून घेतली.