थांबण्याची टोच

जलौघ पंपांच्या कारखान्यात कुणी कुणाला काही सांगत नसे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना बघायला येणाऱ्या पाहुण्यांना आधी याचंच नवल वाटायचं. पाना जागेवरून जरा सरकलेला असला तर येणारा-जाणारा कुणीही तो नीट ठेवून पुढे जायचा. एका टेबलावर अर्धवट पंप साचू लागले की मागच्या टेबलावरचे हात आपोआप मंदावायचे. ओरडणारा मुकादम नव्हता, भिंतीवर घोषवाक्यं नव्हती. "यांना कळतं कसं?" असं पाहुण्यांनी विचारलं की कारखान्याची प्रमुख केतकी नाईकनवरे आपल्या मानेमागे बोट ठेवायची आणि म्हणायची, "इथे टोचतं."

शास्त्रज्ञांनी याला 'अपव्यय-संवेदना' असं भारदस्त नाव दिलं होतं. कामगार नुसतं 'टोच' म्हणायचे. काहीही वाया जाताना दिसलं, मग तो माल असो, हालचाल असो की वेळ, मानेमागे बारीकसं टोचायचं. ते दुरुस्त केलं की टोच जायची आणि अंगभर हलकं वाटायचं. एवढंच. पण या एवढ्याशा गोष्टीने काही वर्षांत देशातले कारखाने, बँका, इस्पितळं पार बदलून टाकली होती, आणि सुरुवात झाली होती ती इथून.

त्याआधी केतकीने सगळं करून पाहिलं होतं. सगळ्यांनी मिळून रोज थोडी थोडी सुधारणा करत राहायची, हा काइझेनचा जपानी विचार तिने मनापासून घेतला होता. साहेबाने केबिनमध्ये बसून हुकूम सोडायचे नाहीत, यंत्रापाशी जाऊन उभं राहायचं. बिघाड झाला तर 'कुणी केला' न विचारता 'का झाला' विचारायचं, आणि उत्तर मिळालं की त्यावर पुन्हा 'का', असं मुळापर्यंत जायचं. हे ती प्रामाणिकपणे करायची. पण दर मोहिमेचं तेच व्हायचं. दसऱ्याच्या पूजेसारखा पहिल्या दिवशी उत्साह, हार, फोटो, आणि मग वर्षभर तक्त्यांवर धूळ. लोकांना पटत होतं, पण जाणवत नव्हतं.

ते जाणवून देण्याची युक्ती डॉ. नाझनीन मुजावरकडे होती. ती मिरजेला मेंदूवर संशोधन करायची. केतकीचा नवरा तन्मय शाळेत भूगोल शिकवायचा आणि नाझनीन त्याची जुनी विद्यार्थिनी, त्यामुळे तिचं घरी येणं-जाणं होतं.

"ताई, शेजारी कुणी बेसूर गायला लागलं की गवयाला काय होतं?" एका रविवारी तिने विचारलं.

"कसंतरी होतं."

"ते कसंतरी होणं जन्मतः नसतं. वर्षानुवर्षं ऐकून मेंदूत एक जोडणी तयार होते. सुराची अपेक्षा करणारा भाग आणि अंगाला बरं-वाईट वाटायला लावणारा भाग, यांच्यामध्ये तंतू वाढतात. मी ती जोडणी काही महिन्यांत वाढवते, आणि सुराच्या जागी अपव्यय ठेवते." तिने तळहातावर तांदळाच्या दाण्याएवढी कुपी धरली. "ही मानेत बसवायची. कारखान्यात कॅमेरे लावायचे; कॅमेऱ्याला काही वाया जाताना दिसलं की तो हिला कळवेल, ही जरासं टोचेल. मेंदू शिकला की कुपी विरघळून जाते. मग कॅमेरा नको, काही नको. शिवाय ही जाणीव आपली आपण बारीक होत जाते, चहा चाखणाऱ्याच्या जिभेसारखी."

"म्हणजे सुधारणेची जाणीवच रोज सुधारत जाणार?" केतकी ताठ बसली. "मग पहिली मला. आणि जोरातली दे. प्रमुखाला इतरांपेक्षा जास्त टोचायला हवं."

तन्मय तिथेच शेंगा सोलत बसला होता. दूध नासलं एवढं सांगायचं असलं तरी गवळ्याच्या आजोबांपासून सुरुवात करणारा हा माणूस. तो म्हणाला, "आपली कृष्णा बघ, कशी वळणं घेत घेत जाते. तुझ्या ताब्यात दिली तर सरळ करशील. पाणी लवकर पोचेल, पण..."

"पण काठाला गाळ मिळणार नाही, माहितीये," केतकी हसत म्हणाली. हे तिने कितीदा तरी ऐकलं होतं.

केतकीपाठोपाठ कामगारांच्याही मानेत कुप्या बसल्या आणि कारखाना खरंच बदलला. सांगावं लागेना, ओरडावं लागेना. एकदा केतकी फेरी मारत असताना जुळणीवरचा सचिन बंडगर तिला म्हणाला, "मॅडम, हितं ब्येस हाय, पर घरला गेलं की लई टोचतंय बगा. बायकू कांदं एकीकडं ठेवत्या, विळी दुसरीकडं. मला बसवतच न्हाई. परवा समदं सैपाकघर लावून दिलं, तर भांडून म्हायेरला गेली."

"चला, आता तरी स्वयंपाकघर लावलेलं राहील," केतकी म्हणाली. सगळे हसले. बंडगरही हसला, जरा उशिरा.

आयुष्यभर 'का, का' विचारत फिरलेल्या बाईने त्या दिवशी एकदाही 'का' विचारलं नाही. ती गोष्ट घरातली होती, कारखान्यातली नव्हती, असं तिला वाटलं. त्याची रुखरुख तिला पुढे जन्मभर पुरली.

पुढे एका उन्हाळ्यात वर्गात शिकवता शिकवता तन्मय मटकन खाली बसला. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला, हातपाय चालू लागले, पण बोलणं गेलं.

"सरांचे शब्द गेलेले नाहीत," नाझनीन म्हणाली. "शब्दांपर्यंत जाणारा रस्ता खचलाय. आता त्यांना आडवाट पाडायची आहे. धडपडत का होईना, एकेक शब्द स्वतः गाठला की ती वाट जरा मळते. तुम्ही मधेच शब्द हातात दिलात की ते अर्ध्यातूनच मागे फिरतात. ताई, याला दुसरं औषध नाही. समोर बसायचं आणि थांबायचं. हे पहिले काही महिने महत्त्वाचे आहेत, नंतर मेंदू नवी वाट शोधायचं सोडून देतो."

"थांबायचं," केतकी म्हणाली. "एवढंच ना?"

त्याच संध्याकाळी ती त्याच्यासमोर बसली. तन्मयला काहीतरी सांगायचं होतं. त्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. बऱ्याच वेळाने शब्द आला, "बस..." केतकीला लगेच कळलं. पन्हाळ्याहून परतताना त्याची बस चुकली आणि तिने त्याला स्कूटरवर मागे घेतलं, ती त्यांची पहिली भेट. गोष्ट माहीत असलेली, आणि वर ही वाट बघणं. तिच्या मानेत टोच उठली. पूर्वीची बारीक टोच राहिली नव्हती ती, इतक्या वर्षांत धार लावल्यासारखी झाली होती. तन्मय पुढच्या शब्दासाठी झगडत होता. केतकीने साडीचा पदर मुठीत धरला, दात आवळले, देवाचं नाव घेतलं.

"चुकली," ती म्हणाली. "बस चुकली."

टोच गेली. अंगभर इतकं बरं वाटलं, की तिला स्वतःची शरम वाटली. तन्मयने मान डोलावली आणि तो गप्प बसला.

तिने प्रयत्न केले नाहीत असं कुणी म्हणू नये. ती पाठ फिरवून बसली, वेदनाशामक गोळ्या घेऊन बसली. पण शब्द येता येता अडकला की तिचं तोंड तिच्या आधी उघडायचं. मग तिने तेच केलं जे तिला उत्तम जमत होतं. तिने घर सुधारलं. पाणी त्याच्या हाताशी, चष्मा हाताशी, चहा त्याला हवासा वाटायच्या आधी समोर. त्याला काही मागावंच लागू नये अशी सोय केली. आले-गेले नातेवाईक म्हणायचे, काय नशीबवान आहे तन्मय. आणि तन्मय हळूहळू बोलायचा प्रयत्न करीनासा झाला. दिवाळीपर्यंत घर अगदी शांत झालं.

"काढून टाक ही टोच," केतकी मिरजेला जाऊन नाझनीनला म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

"काय काढू? कुपी कधीच विरघळली. आता आहेत ते तुमचेच तंतू. ऐकू यायला लागलेला बेसूर विसर म्हणून विसरता येतो का?"

"तू स्वतः का नाही बसवून घेतलीस कुपी?" हा प्रश्न केतकीने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारला.

"मला चुकीच्या वाटेने जाऊन परत यावं लागतं, ताई. रेंगाळावं लागतं. टोच असती तर मला काही सुचलंच नसतं."

"हे मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगायला हवं होतं. तुम्ही इतक्या खूश होतात, आणि मला पहिला कारखाना मिळत होता." तिने डोळे पुसले. "पण एक सांगते. सरांची वाट बंद झालेली नाही. ते बोलतात."

"कुठे बोलतात? घरात तर एक शब्द नाही."

"इथे बोलतात. तुम्ही त्यांना तपासणीला सोडून कारखान्यात जाता ना, तेव्हा. वेळ लागतो, पण वाक्य पुरं करतात. परवा मी विचारलं, 'सर, घरी का बोलत नाही?' उत्तर येईपर्यंत चहा गार झाला. म्हणाले, 'केतकीला... दुखतं.'"

केतकी कशीबशी घरी आली. वाटेत तिला बंडगर आठवला. त्याची बायको परत आली की नाही, हे तिला आजतागायत माहीत नव्हतं.

तन्मय झोपाळ्यावर बसला होता. ती त्याच्यासमोर खाली जमिनीवर बसली आणि तिने त्याचे दोन्ही हात धरले. "बोल," ती म्हणाली. "काहीही बोल. पन्हाळ्याचं सांग, कृष्णेचं सांग. मला दुखू दे. मी थांबते."

तन्मयने तिच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ उघडले. पहिल्या अक्षरावर तो अडखळला आणि केतकीच्या मानेची शीर ताठ झाली. तिने श्वास धरला, नजर हलू दिली नाही, पण ती शीर काही तिच्या ताब्यात नव्हती. तन्मय ती बघत होता. इतक्या वर्षांच्या संसारात तिची मान त्याला पाठ झालेली होती.

त्याने तोंड मिटलं. मग तो हसला, तिच्या मानेमागे हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. नको, जाऊ दे.

"अरे, असं नको करू," केतकी म्हणाली. "माझ्यासाठी नको करू."

तो तसाच, हात न काढता बसून राहिला. केतकीला हंबरडा फोडावासा वाटत होता. पण घर शांत होतं, सगळं जागच्या जागी होतं, कुणाला काही सांगायचं राहिलेलं नव्हतं. त्याच्या तळव्याखाली तिची मान हळूहळू सैल पडली, आणि तिला कुठेच काही टोचत नव्हतं.