परतीच्या गाठी

आमच्या पाणबुड्यांच्या सामानाच्या दुकानात नवखा माणूस आला की दोरीच्या सगळ्यात मोठ्या रिळावर हात टाकतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, एवढंच मी सांगते. पाण्याखालच्या गुहेत डोक्यावर दगड असतो. बाहेरची वाट म्हणजे आपण जाताना सोडलेली दोरी, येताना तीच गुंडाळत यायची. रिळाला दांडी नको, अडकते. दोरी पांढरी हवी. तीस मीटर बहुतेक कामांना पुरते. मोठं रीळ अरुंद जागी नुसतं आपटतं. दोरीला दर तीन मीटरवर गाठ असते, गढूळ पाण्यात बोटांनी अंतर कळावं म्हणून. आमच्या तुलुम गावातल्या निम्म्या वाटाड्यांच्या दोऱ्यांना माझ्या हातच्या गाठी आहेत. सैल गाठ मला खपत नाही.

जाताना सगळेच गाठी मोजतात. येताना कुणी मोजत नाही, आधी मोजलेल्याच तर असतात. मार्चमध्ये मी मोजल्या, त्या निव्वळ चाळा म्हणून. धाकट्या भावाबरोबर, दिदिएरबरोबर, उक मामांच्या रानातल्या सेनोतेत उतरले होते. त्या खोल विहिरीच्या तळातून गुहा सुरू होते. आत कायमची दोरी लावलेली आहे. तिच्या डावीकडे दिदिएरला एक नवा बोगदा सापडला होता. तिथून बोगद्यातल्या पहिल्या दगडी खांबापर्यंत आम्ही रीळ सोडलं. सात गाठी. परतताना तो मागे दोरी गुंडाळत होता, मी पुढे दोरीवर बोटं ठेवून. नऊ गाठी भरल्या.

वर येऊन दोरी दोन झाडांमध्ये ताणून मोजली. तीस मीटर, दहा गाठी. जशी मी विकली तशीच.

“ताई, चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा.”

“बोटांना चष्मा लागत नाही, शहाण्या.”

“मग डुलकी लागली असेल.”

हवेच्या काट्याला मात्र डुलकी लागत नाही. त्या एवढ्याशा अंतराला येताना दोघांचीही हवा जास्त खर्च झाली होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरलो. जाताना सात. येताना दोघांनीही मोजल्या. बारा.

आईने जेवायला गरम पानुचो वाढले. दिदिएर बराच वेळ नुसता चिवडत बसला.

“प्रवाह असेल,” तो म्हणाला.

“प्रवाहाने गाठी वाढतात?”

“मग काय सांगू? वाट लांबतेय म्हणून सांगू?”

मी घाबरले होते, लपवून काय उपयोग? तो बोगदा सोड म्हणून मी त्याच्या हातापाया पडले. पण त्याचा नकाशा अर्धा झाला होता आणि बुधवारी प्लाया गावाहून दुसरे पाणबुडे त्याच बोगद्यात उतरणार होते. नकाशा पुरा करेल त्याचं नाव बोगद्याला लागतं. त्यात माझा कान सुजलेला, मला पाण्यात उतरता येत नव्हतं. सोमवारी सकाळी तो दुकानात रीळ घ्यायला आला.

“पंचेचाळीस मीटरचं ने.”

“सातच गाठींचं काम आहे, ताई.”

“जाताना सात.”

“मोठं रीळ अरुंद जागी आपटतं. तूच सांगतेस ना सगळ्यांना?”

मीच सांगते. त्याने तीस मीटरचं नेलं.

संध्याकाळपर्यंत तो वर आला नाही.

शोधायला गेलेल्यांना त्याची दोरी जागच्या जागी सापडली. पलीकडे खांबाभोवतीचा वेढा सोडलेला होता, म्हणजे काम आटपून तो परत निघाला होता. सात गाठींची वाट, पण तिच्यावर कुणी नव्हतं. रीळ खांबापाशी पाण्यात अधांतरी होतं. दोरी ताठ होती.

तीन दिवसांनी ते ती गुंडाळायला निघाले. मी आडवी आले. माणूस आत असताना त्याची दोरी कुणी उचलत नाही. त्यांनाही ते ठाऊक होतं. दोरी तशीच राहिली.

कान बरा झाल्यापासून दर रविवारी मी आत जाते. त्याच्या दोरीच्या चौथ्या गाठीला हवेची भरलेली टाकी बांधते आणि आधीची सोडून आणते. पाच रविवार टाकी भरलेलीच परत आली.

सहाव्या रविवारी काटा उतरलेला होता.

झडप मी बंद केली होती तशीच, घट्ट बंद.

“गळती असेल,” आमचे दुकानमालक विल्बर्थ म्हणाले. त्यांनी ती टाकी पुन्हा भरून चार दिवस हौदात बुडवून ठेवली. एक बुडबुडा आला नाही. पाचव्या दिवशी त्यांनी ती पुसली, माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या कामाला लागले.

पुढच्या रविवारी निम्मी संपली होती.

काल पूर्ण रिकामी होती. घरी नेऊन दाराशी ठेवली, तेव्हा आई पीठ मळत होती. तिने हात पुसले, टाकी हलवून पाहिली.

“पुरते का गं त्याला?”

येत्या रविवारी दोन नेणार आहे.